आळणी पेज

भात पिकलं की लुंबान हारिआरा गावात माणसांच्या आधी चिमण्या उठतात. त्या दिवशी चिमण्यांच्याही आधी तिआमसा उठली. तांदळाचं पीठ, खवलेला नारळ आणि ताडगूळ परातीत कालवून ती मुटके वळायला बसली. मूठभर पीठ घ्यायचं, दाबायचं, सोडायचं. मुटक्यावर चार बोटांचे वळ उठतात. सावडीला येणाऱ्यांना कापणीआधी हेच द्यायचं असतं, आणि वळ खोल दिसले पाहिजेत. फिके दिसले तर खाणारा म्हणतो, मालकिणीनं हात आखडला.

"माणसं बारा," मांगिनार दारात बसून विळ्याला दगड लावत होता, "आणि मुटके पाटीभर. लग्न आहे का कुणाचं?"

"उरले तर कोंबड्या खातील."

"कोंबड्या कुठे राहिल्यात? पाद्रीबाईंना दोन दिल्यास, देवळाच्या झाडूवाल्याला एक. राहिलीय ती तुला बघून लपते."

तिआमसा हसली नाही. मांगिनारनं धार अंगठ्यावर बघितली, मग बायकोकडे बघितलं. तेहतीस वर्षांच्या संसारात या बाईनं त्याचा एकही टोमणा बिनउत्तराचा सोडला नव्हता. गेलं वर्षभर मात्र तो एकटाच टोमणे मारत होता आणि एकटाच दमत होता.

उन्हं तळ्यावर आली तेव्हा सावडीतली माणसं खाचरात उतरली. डोंगराच्या पोटावरून पायरी पायरीनं उतरलेली खाचरं पिवळीधमक झाली होती, आणि सगळ्यात खालच्या बांधाला लागून पाणीच. आज तिआमसाचं रान, उद्या तिच्या नणंदेचं, साऊलिनाचं, परवा होत्मियानच्या आईचं. ज्यानं माझ्या रानात एक दिवस दिला त्याच्या रानात मी एक दिवस द्यायचा. मग भांडण असो, सुतक असो, पाय मुरगळलेला असो. बोलणं बंद ठेवता येतं, सावड बंद ठेवता येत नाही. तिआमसा आणि साऊलिना, या नणंद-भावजया, गेलं वर्षभर नेमकं हेच करत आल्या होत्या.

पहिली पेंढी मालकिणीनं कापायची आणि कापताना उंपासा म्हणायचा, ही रीत. उंपासा म्हणजे दोन ओळी रानाच्या, दोन ओळी मनाच्या. तिआमसाचे उंपासे या काठावर गाजलेले होते. एका लग्नात तिनं नवरीच्या कंजूष मामावर चार ओळी जोडल्या, तर पुढच्या लग्नात तो मामा न मागता म्हैस घेऊन आला. आज ती वाकली, डाव्या मुठीत धाटं धरली, विळा फिरवला, पेंढी बांधावर ठेवली आणि म्हणाली, "चला. लागा."

कोणी लागलं नाही.

"एवढंच?" होत्मियानच्या आईनं विचारलं. ती अंगानं जाड आणि आवाजानं त्याहून जाड.

"ऊन चढेल."

"चढू दे की. गेल्या साली पण अशीच मुकाट्यानं सुरुवात केलीस. निम्मं भात उंदरांनी खाल्लं. त्यांना वाटलं असेल, मालकीण मेली."

बाया हसल्या. होत्मियानच्या आईनं विळा कमरेला खोचला आणि मालकिणीच्या वतीनं स्वतःच सूर लावला:

तळ्याकाठी बगळा उभा, एक पाय वर,
मासा म्हणे, अरे बाबा, दुसरा खाली धर.
बांधावरती मालकीण उभी, मुकी दिवसभर,
भात म्हणे, अगं बाई, थोडी कुरकुर कर.

'मुकी' हा शब्द आला तशी रांगेच्या टोकाला उभी असलेली साऊलिना डोक्याचं फडकं उगीचच सोडून पुन्हा बांधू लागली. तिआमसानं तिकडे बघितलं नाही. ती वाकली आणि कापत राहिली. विळा, मूठ, पेंढी. विळा, मूठ, पेंढी. घाम नाकाच्या शेंड्यावरून लोंब्यांवर टपकत होता. पोटऱ्यांना चिखल वाळून कातडी ओढत होती. दुपारी जेवायला बसल्यावर तिनं सगळ्यांच्या पानात हळदीतिरफळाच्या माशाचे मोठे तुकडे वाढले आणि स्वतः शेपटी घेतली.

"एदाला सांगा, रस्सा आहे अजून," ती होत्मियानच्या आईला म्हणाली. नणंद-भावजया एकमेकींना एदा म्हणतात; नावानं कोणी हाक मारत नाही.

"एदा तुझ्यापासून चार हातांवर बसलीय. तिला कान आहेत."

"एदाला सांगा, पोट भरलं," साऊलिना म्हणाली.

"मी काय पोस्टमन आहे?" होत्मियानच्या आईनं दोघींचा रस्सा स्वतःच्या भातावर ओतून घेतला.

वर्षामागची गोष्ट अशी होती. साऊलिना विधवा. दोन्ही लेकी तळ्यापलीकडे दिलेल्या. एका पावसाळ्यात तिला ताप आला, ताप उतरला तो आवाज घेऊनच उतरला. मांगिनार बहिणीला घरी घेऊन आला, आणि आठ महिने तिआमसानं तिचं सगळं केलं. आंघोळ घातली, केस विंचरले, पान कुटून दिलं, पेज भरवली. दवाखान्यातल्या बाईनं मीठ बंद सांगितलं होतं, म्हणून पेज आळणी. तिआमसा स्वतःही तीच खायची, आजारी माणसाच्या समोर खारट कशाला खायचं म्हणून.

मग पवित्र आत्मा उतरल्याचा सण आला, ईस्टरनंतरचा पन्नासावा दिवस. साऊलिनासाठी प्रार्थना झाली, गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्या कडव्यात कुठूनतरी एक घोगरा, गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज सगळ्यांच्या वर चढला. साऊलिना उभी राहून गात होती. बाया रडायला लागल्या. पुरुषांनी नाकं शिंकरली. देवळाचा कारभार बघणारे मंडळीचे वडील दोन्ही हात वर करून तिच्यापाशी गेले. "बोल, बाई. साक्ष दे."

साऊलिनानं इकडे तिकडे बघितलं. म्हणाली, "प्रभूचे उपकार. आठ महिने आळणी पेज खाऊन मी जिवंत राहिले."

सगळं देऊळ तिआमसाकडे वळलं.

पुढे पायऱ्यांवर कोणीतरी तिचे हात धरून म्हणालं, तुझ्या घरावर आत्म्याची कृपा झाली गं. तिआमसाच्या तोंडून निघून गेलं, "कसला पवित्र आत्मा घेऊन बसलात? हिच्यात भूत शिरलंय. आमच्या सासूबाईंचं. मेल्या, तरी माझ्या पेजेवरची तक्रार संपली नाही त्यांची." पायऱ्यांवर असा हशा पिकला की वरचे पारवे उडाले. साऊलिना त्याच दिवशी आपलं गाठोडं घेऊन आपल्या घरी गेली.

त्याच्या पुढच्या रविवारी वडिलांनी शास्त्र वाचलं. प्रभूनं केलेलं काम बघून लोक म्हणाले, याच्यात भूत आहे. प्रभू म्हणाला, माणसांना सगळ्या पापांची क्षमा होईल. पण पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला कधीच होणार नाही. तिआमसाची बोटं गार पडली. तिनं शेजारणीच्या पुस्तकात डोकावून बघितलं. वडिलांनी चुकीचं वाचलं नव्हतं. भूत हाच शब्द होता, छापलेला.

तेव्हापासून तिनं जिभेला दावं लावलं. आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकर मोडून वाटायच्या, रविवारी ती देवळातून पळू लागली. एकदा पोटात मुरडा आला. एकदा म्हैस व्यायची होती. म्हैस अजून व्यायचीच आहे. एकदा चुलीवर मटण ठेवून आलेय म्हणून उठली. मांगिनार घरी आला तर चूल थंड आणि बायको माळ्यावर मागाचे धागे सोडवत बसलेली. अपात्र माणसानं ती भाकर खाल्ली तर तो दंडच खातो, हेही तिनं वाचून ठेवलं होतं. आता येत्या रविवारी सुगीचा सण होता. नव्या भाताची पाटी घेऊन प्रत्येक घरानं देवळात जायचं, आणि त्याच दिवशी प्रभुभोजन. पाटी घेऊन गेलेल्या बाईला मधूनच उठून कसं पळता येणार?

कापणी आटोपून, उन्हं कलती असतानाच, ती राहिलेली कोंबडी काखेत धरून पाद्रीबाईंकडे गेली. पाद्रीबाई रोसिंता वयानं तिच्या लेकीएवढ्या. घरामागं कांद्यातलं तण काढत होत्या, गुडघ्यापर्यंत माती.

"इनांग," पाद्रीबाई कोंबडीकडे बघून म्हणाल्या, आईच्या वयाच्या बाईला म्हणतात तसं, "आधीच्या दोघी रोज अंडी देतात. मला तीन नकोत. काय झालंय ते सांगा."

तिआमसानं सांगितलं. सांगताना कोंबडीची पिसं इतकी कुरवाळली की कोंबडीला झोप लागली.

पाद्रीबाईंनी हसणं ओठात धरलं. मग त्या गंभीर झाल्या. "शाळेत असताना मलाही हीच भीती होती. प्रार्थनेला डोळे मिटले की नेमका घाणेरडा शब्द डोक्यात यायचा. वाटायचं, झालं, संपलं. इनांग, प्रभू हे ज्यांना म्हणाला ते लोक चांगल्याला वाईट म्हणत होते, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं. क्षमा ज्याला नकोच असते त्याला ती मिळत नाही. तुम्हाला हवीय ना?"

"हवीय."

"मग?"

"मग काय? हवं ते सगळं मिळतं का?"

पाद्रीबाईंनी हातातलं तण बाजूला टाकलं. म्हणाल्या, "हे मिळतं. हे मागणाऱ्याला नाही म्हणत नाही तो."

तिआमसा मान डोलवून निघाली. बांधावरून चालताना तिच्या मनात आलं, पोरगी मनानं चांगली आहे. चांगलं माणूस दुसऱ्याला धीर देणारच. त्याचा पुरावा कसा धरायचा? कोंबडी काखेत जागी झाली होती आणि घर ओळखून पाय झाडत होती.

दुसऱ्या दिवशी साऊलिनाच्या रानात मळणी होती; तिचं भात आधीच कापून पेंढ्या बांधलेल्या होत्या. बांबूंचं बैठं मचाण, त्याच्यावर पेंढ्यांचा थर, छातीच्या उंचीवर आडवा दांडा. दांडा धरून पायांनी पेंढी चुरायची. दाणे फटींतून खाली चटईवर सांडतात. पहिली रास कोणी तुडवायची हेही ठरलेलं. बरकत माहेराहून येते. म्हणून मालकिणीसोबत तिच्या भावाच्या घरच्या बाईनं मचाणावर चढायचं. भावजयीचा पाय राशीला लागला की वर्षभर कणगीचा तळ दिसत नाही.

साऊलिना चढून दांडा धरून उभी राहिली. सगळे तिआमसाकडे बघू लागले. तिआमसा मचाणाच्या बांबूला हात लावून खालीच उभी राहिली.

"चढ," होत्मियानची आई म्हणाली.

"माझं अंग बरं नाही. तुम्ही कोणी चढा."

मघापर्यंत बडबडणाऱ्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. माहेरच्या बाईनं पाय लावायला नाही म्हणणं म्हणजे राशीला शाप देणं. मांगिनार पेंढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन तसाच उभा राहिला.

"लामसिहारचे आई," होत्मियानची आई तिआमसाला तिच्या लेकाच्या नावानं हाक मारत हळू आवाजात म्हणाली, आणि ती हळू बोलते तेव्हा गंभीरच असतं, "राग कुठेही काढ. धान्यावर काढू नकोस."

साऊलिनाचा चेहरा उतरला होता. वर्षात पहिल्यांदा ती भावजयीशी थेट बोलली. "माझी रास बाटलीय का, एदा?"

"रास नाही," तिआमसा म्हणाली. "पाय बाटलाय."

"काय?"

"माझा पाय. तो लावून घेऊ नकोस."

साऊलिनानं तिच्या तोंडाकडे बघितलं, मग सावडीकडे वळली. "तुम्ही वरच्या खाचरातलं उचला जा. ही घरातली भांडणं आहेत."

सावड वरच्या खाचरात गेली. म्हणजे दहा पावलं गेली आणि ऐकू येईल अशा बेतानं पेंढ्या उचलू लागली.

"चढ वर," साऊलिना म्हणाली. "पाय लावू नकोस. नुसती बस."

तिआमसा मचाणाच्या कडेला बसली, पाय बाहेर सोडून. तळव्यांच्या भेगांत कालची माती होती.

"मी तुला भूत म्हणाले."

"ऐकलं की. गावानं ऐकलं. आईचं भूत. घरी जाऊन हसले पण मी, खोटं कशाला सांगू."

"तुला नव्हते गं म्हणाले. त्याला म्हणाले." तिआमसानं हनुवटीनं आभाळ दाखवलं. "काम आत्म्याचं, आणि मी म्हणाले भुताचं. तसं बोलणाऱ्याला क्षमा नाही, इथं नाही आणि तिथंही नाही. लिहिलंय. पाद्रीबाई म्हणतात काळजी करू नका, पण त्या म्हणणारच. असल्या बाईचा पाय तुझ्या राशीला लागला तर पुढच्या साली दाणा रुजायचा नाही. राग नाही माझा. उलट आहे. म्हणून चढत नव्हते."

 साऊलिनाच्या हातातला दांडा कुरकुरला. मग ती पेंढ्यांवर मटकन बसली.

"एदा, तो आत्मा नव्हता."

"तू पण धीर देऊ नकोस."

"धीर नाही देत. माझा आवाज दोन महिने आधीच आला होता."

खाली चटईवर चिमण्या उतरल्या होत्या. त्यांना कोणी हाकललं नाही.

"परसात कोंबडी कांद्यांत शिरली. मी हात हलवला आणि म्हणाले, हुश. आणि हुश ऐकू आलं. मी मागं वळून बघितलं, कोण बोललं म्हणून."

"दोन महिने?" तिआमसा म्हणाली.

"वर चार दिवस."

"दोन महिने मी तुझ्या तोंडात चमचा घालत होते."

"हो."

"तुझ्या पुढ्यात बसून मी तुझ्या भावाविषयी काय काय बोलले. म्हटलं, ही बिचारी कुणाला सांगणार?"

"बरंचसं खरंच बोलायचीस तू. दोनतीनदा हो म्हणायला जीभ शिवशिवली माझी."

तिआमसानं पेंढी उचलली ती तिला मारायलाच. साऊलिनानं डोकं चुकवलं नाही, खाली घातलं. तिच्या मानेवरच्या पांढऱ्या बटा घामानं चिकटल्या होत्या आणि खांदे हलत होते. तिआमसानं पेंढी खाली ठेवली.

"का गं?"

"बोलता येतं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी जावं लागलं असतं. माझ्या घरात भिंती आहेत चार. तुझ्याकडे रोज सकाळी कोणीतरी माझे केस विंचरायचं." साऊलिनानं फडक्यानं नाक पुसलं. "त्या दिवशी गाण्यात राहवलं नाही, सूर निघून गेला. सगळे रडायला लागले, चमत्कार म्हणाले. वडील हात वर करून आले. मी काय बोलणार? घाबरून पहिलं जे खरं आठवलं ते बोलले. पेज. पण मी नाही म्हणाले नाही, एदा. आत्म्याच्या नावावर खोटं खपू दिलं. हनन्या आणि त्याची बायको आत्म्याशी खोटं बोलले, तर उभ्या जागी मेले. मी वर्षभर रोज धुतलेले कपडे घालून झोपते. सकाळी मेलेली सापडले तर लोकांना कष्ट नकोत."

"म्हणून प्रभुभोजनाच्या रविवारी तू लेकीकडे जातेस?"

"लेकीकडे कुठली? नावेनं पलीकडे जाते आणि धक्क्यावर बसते. शेंगदाणे खाते. संध्याकाळच्या नावेनं परत."

तिआमसाच्या डोळ्यांपुढे ते आलं: धक्का, तळ्याचा वारा, आणि सणाचे कपडे घालून एकटी शेंगा सोलत बसलेली ही बाई. त्याच वेळी स्वतः ती माळ्यावर धागे सोडवत असणार. 

"वेडी आहेस का तू?" ती म्हणाली, आणि वर्षभर दाव्याला बांधलेली तिची जीभ सुटली. "एवढ्याशा गोष्टीसाठी देव तुला टाकून देईल? तू एकटी होतीस. म्हातारपणी कुणाला केस विंचरून हवे नसतात? तू काय घर लुटलंस? मला आत्ता ऐकलं तसं कळलं, माझा रागसुद्धा चार श्वास टिकला नाही. आणि मी कोण? उंदरांनी निम्मं भात खाल्लं म्हणून त्यांना आठवडाभर शिव्या घालणारी बाई. मला कळतं ते त्याला कळणार नाही? ज्यानं पोराला क्रुसावर दिलं त्याला एका म्हातारीचं रडं कळत नाही?"

ती थांबली. वरच्या खाचरातही सगळं थांबलं होतं.

साऊलिना फडक्याआडून बघत होती. "मग तुझं?"

"माझं वेगळं."

"काय वेगळं? आत्म्यानं काही केलंच नव्हतं, तर तू निंदा कुणाची केलीस?"

"ही वकिली झाली. मला कुठे माहीत होतं? मी मनातून म्हणाले."

"बरं, म्हणालीस. का म्हणालीस?"

"राग आला."

"का आला?"

तिआमसानं तळव्याच्या भेगेतली माती नखानं उकरली. "आठ महिने," ती म्हणाली, आणि आवाज तिच्या मनाविरुद्ध फुटला, "आठ महिने मी पण आळणीच खाल्ली. तुझ्या बरोबरीनं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तू सगळ्या देवळात..."

"माझं रडं त्याला कळतं म्हणालीस," साऊलिना म्हणाली. "मग तुझी पेज त्याला कळत नाही? दुसऱ्याला वाढायला बसलीस तर पाटीभर, आणि स्वतःला शेपटी. माशाचं ठीक आहे, एदा. क्षमेत पण तेच?"

 काल पाद्रीबाईंनी सांगितलं तेव्हा ते पाद्रीबाईंचं होतं. आत्ता जे बोललं गेलं ते तिआमसाच्याच तोंडून निघालं होतं, कुणी शिकवलं नव्हतं, आणि बोलताना त्यातल्या एका अक्षराचीही तिला शंका नव्हती. दुसऱ्यासाठी जे इतकं सरळ होतं ते स्वतःसाठी वाकडं करून ती वर्षभर उराशी धरून बसली होती. हे ध्यानात आलं तशी तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. साऊलिनानं तिच्याकडे बघितलं आणि तीही सुरू झाली. मचाण हलायला लागलं. दाणे फटींतून खाली झरू लागले.

"अगं, तुडवता का हसता?" होत्मियानची आई वरून म्हणाली.

"तू ऐकत होतीस?"

"छे. मी पेंढी उचलत होते. तीच, एकच, मघापासून. आणि हे बघ, गावात काही जाणार नाही. फार तर माझ्या घरापर्यंत जाईल."

मांगिनारनं इतका वेळ डोक्यावर धरलेला भारा खाली टाकला आणि मान चोळली. "माझ्याविषयी काय बोलायची ती?" त्यानं बहिणीला विचारलं.

"सगळं खरं."

तिआमसानं पाय वर घेतले. उभी राहिली, दांडा धरला, आणि उजवा पाय पेंढीवर ठेवला. धाटं तळव्याला टोचली. मग डावा. दोघी एका लयीत तुडवू लागल्या, टाच, चवडा, टाच, चवडा. दाण्यांची सर खाली सुरू झाली, चटईवर ढीग वाढायला लागला. दुपारी वारा सुटला तेव्हा तिआमसानं सूप उचललं, डोक्याच्या वर नेलं, आणि उफणता उफणता तिच्या तोंडून ओळी आल्या:

वारा सुटला डोंगराचा, भूस गेलं तळ्यावर,
उडायचं ते उडून गेलं, दाणा राहिला सुपावर.
नणंद झाली मुकी म्हणून गाव रडे घळाघळा,
भावजय म्हणे, बोल बाई, मीठ आणते, सोड गळा.

सावडीनं दोन ओळी म्हटल्या, मग चारही म्हटल्या, मग होत्मियानच्या आईनं मिठावर आणखी तीन उंपासे जोडले, ते इथं सांगण्यासारखे नाहीत.

रविवारी देवळात नव्या भाताच्या पाट्या वेदीपुढे ओळीनं मांडल्या होत्या. आत भाताचा ओला, गोड वास भरला होता. तिआमसानं आपली पाटी ठेवली आणि बाकावर येऊन बसली. मचाणावर जे पटलं होतं ते इथं पुन्हा डळमळू लागलं. मनात पटलेलं पायांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. पाद्रीबाईंनी भाकर मोडली तेव्हा तिची नजर दाराकडे गेलीच.

बाजूला साऊलिना येऊन बसली. तिनं सणाची शाल घेतली होती. "पलीकडची नाव गेली," ती कुजबुजली. "आता जायला जागा नाही."

"तू आधी हो."

"तू हो. तू भावाच्या घरची."

"तू वयानं मोठी."

"मी मेले तर तू मागून पळशील."

"मग दोघी मरू. हो पुढे."

पुढच्या बाकावरचे मंडळीचे वडील मागं वळून बघू लागले. मांगिनारनं बायकोला कोपरानं हळूच ढोसलं, ती उठली, साऊलिनाला पुढे घातलं आणि मागं चालू लागली. त्यांच्या कुजबुजण्यात बाकीची मंडळी जाऊनही आली होती. वेदीपाशी साऊलिनानं भाकर घेतली, डोळे घट्ट मिटले, गिळली, आणि मेली नाही. एक डोळा उघडून तिनं खात्री केली. मग ती बाजूला झाली.

तिआमसा पुढे आली. तिच्या हातांवर विळ्याचे ताजे ओरखडे होते.

पाद्रीबाईंनी भाकरीचा तुकडा उचलला. "प्रभूचं शरीर. हे तुझ्यासाठी दिलं."

'तुझ्यासाठी' ऐकून तिआमसानं मागं वळून पाहिलं. रांग संपली होती. मधली वाट रिकामी होती, दार सताड उघडं होतं, आणि दाराबाहेर नुसतं ऊन.

"कोणाला शोधता, इनांग?" पाद्रीबाईंनी हळूच विचारलं.

"कोणाला नाही," तिआमसा म्हणाली, आणि तिनं तोंड उघडलं.